‘असंघटित’ म्हणजे कोण?

ज्या म्हैसूर शहरात मी नोकरीनिमित्त राहतो, त्या शहराने आपल्या देशाला एक फार सुंदर शब्द दिला आहे. १९३५ साली येथील महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी ह्यांनी आपल्या राहत्या घरी एक लहानसे ध्वनिक्षेपण केंद्र सुरू केले, आणि त्या केंद्राला ‘आकाशवाणी’ हे नाव मिळाले. पुढे हेच नाव साऱ्या देशाच्या नभोवाणीने स्वीकारले. शब्द आपल्या जागी नेमका बसला म्हणजे तो घरोघर कसा पोहोचतो, ह्याचे हे उदाहरण होय. आज मी ज्या शब्दाविषयी बोलणार आहे, तोही असाच घरोघर पोहोचला आहे. मात्र तो आपल्या जागी नेमका बसला आहे किंवा नाही, ह्याविषयी मला अलीकडे शंका वाटू लागली आहे. तो शब्द म्हणजे ‘असंघटित’. ‘असंघटित कामगार’ ह्या जोडशब्दातील ‘असंघटित’.

शंका येण्याचे निमित्त अगदी लहान आहे. म्हैसूरच्या नरसिंहराज मोहल्ल्याच्या बाजूला घरोघरी बिड्या वळणाऱ्या आणि उदबत्त्या लाटणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत. अशा स्त्रियांच्या नावनोंदणीच्या एका शिबिरात मी एकदा गेलो होतो. भिंतीवर कन्नडमध्ये पाटी होती : ‘असंघटित कार्मिकरु’. मूळ संस्कृत शब्द एकच असल्यामुळे मराठी माणसाला ती पाटी वाचून अर्थ लावावा लागत नाही. एक प्रौढ बाई पुढे आल्या. तीस वर्षे बिड्या वळून त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा एका बाजूला झुकलेला होता. लेखनिकाने अर्जातील शब्द मोठ्याने वाचला, तेव्हा त्यांनी त्याचा अर्थ विचारला. तो म्हणाला, “ज्यांचा संघ नाही ते.” बाईंनी पदराच्या गाठीतून एक चुरगळलेली पावती काढली आणि टेबलावर ठेवली. बिडी कामगार संघटनेच्या वर्गणीची ती पावती होती. मग त्या आपल्या दखनीत म्हणाल्या, “संघ नहीं बोलके कौन बोल्या, साब?”

ह्या प्रश्नाला लेखनिकाजवळ उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर माझ्याजवळही नव्हते. गेली वीस वर्षे सरकारी कागदांवर हा शब्द मी शेकडो वेळा वाचला आणि लिहिला असेन. पण ज्यांच्याविषयी तो लिहिला जातो, त्यांच्यापैकी कोणी मला त्याचा अर्थ असा समोरासमोर विचारला नव्हता. त्या दिवसापासून मी ह्या शब्दाच्या मागे लागलो. त्या शोधात जे हाती आले, ते आपणापुढे ठेवतो.

प्रथम शब्दाचे अंग पाहू. ‘सम्’ ह्या उपसर्गाला ‘घट्’ हा धातू जोडून ‘संघटन’ झाले. धातुपाठात ‘घट्’ ह्याचा अर्थ ‘चेष्टा’ असा दिला आहे. म्हणजे हालचाल, खटपट, धडपड. आपले ‘घडणे’ आणि ‘घडविणे’ हे शब्दही त्याच घराण्यातले. तेव्हा ‘संघटित’ म्हणजे ज्यांनी एकत्र धडपड केली ते, आणि ‘असंघटित’ म्हणजे ज्यांनी ती केली नाही ते. पहाटेपासून रात्रीपर्यंत जे केवळ धडपडच करीत असतात, त्यांच्या वाट्याला हा शब्द यावा, हा दैवदुर्विलास खराच. शिवाय ह्या शब्दातील ‘अ’ मोठा चतुर आहे. काहीतरी नाही एवढे तो सांगतो; पण ते का नाही आणि कोणामुळे नाही, ह्याविषयी तो मौन पाळतो. ऐकणाऱ्याचा मात्र सहजच असा समज होतो की, उणीव त्या माणसातच असावी.

ह्या ‘नाही’ची पहिली नोंद कोठे सापडते? तिच्यासाठी आपल्याला मुंबईच्या गिरणगावात जावे लागेल. महात्मा फुले ह्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्यांच्या मागण्यांचा अर्ज तयार केला. साडेपाच हजार कामगारांनी त्यावर सह्या केल्या होत्या. आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर पगार ह्या त्यातील मुख्य मागण्या. १८९० साली मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. त्याच वर्षी नेमलेल्या फॅक्टरी कमिशनवर लोखंडे ह्यांना घेण्यात आले. आपल्याकडील रविवारच्या सुटीमागे अशी ही चळवळ आहे.

आणि तरीही १८९२ सालच्या मुंबईच्या कारखाना-अहवालात सरकारी अधिकाऱ्याने काय लिहून ठेवले? लोखंडे स्वतःला गिरणी कामगार सभेचे अध्यक्ष म्हणवितात. परंतु संघटित संस्था म्हणून त्या सभेला अस्तित्वच नाही, कारण तिच्याजवळ सभासदांची नोंदवही नाही, निधी नाही आणि नियम नाहीत, अशा आशयाचा तो शेरा आहे. लोखंडे हे त्यांच्याकडे येणाऱ्या कामगारांना केवळ सल्ला देतात, असेही त्यात पुढे म्हटले आहे. अधिकाऱ्याने पाहिले ते खोटे नव्हते. वही नव्हती, पेटी नव्हती, नियमांचे पुस्तक नव्हते. पण हजारो माणसे एका मैदानात जमली होती आणि त्यांना हवी असलेली सुटी त्यांनी मिळविली होती. संघटित असणे म्हणजे कागदावर असणे, ही व्याख्या आपल्या राज्यकारभारात तेव्हाच रुजली. मी स्वतः कागदावर जगणारा मनुष्य असल्यामुळे त्या अधिकाऱ्याची दृष्टी मला परकी वाटत नाही. ती मला ओळखीची वाटते, आणि म्हणूनच ती मला अस्वस्थ करते.

कागदाची ही कसोटी पुढे कायद्यातही आली, आणि तेथे तिने आकड्याचे रूप घेतले. १८८१ चा पहिला कारखाना कायदा यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या कारखान्यालाच लागू होता. १८९१ मध्ये हा आकडा पन्नासावर आला, १९२२ मध्ये विसावर. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने यंत्रशक्ती असल्यास दहा आणि नसल्यास वीस अशी मर्यादा ठरविली. म्हणजे एका छपराखाली दहावा माणूस आला की कायदा दारातून आत येई. नऊच असले तर तो उंबऱ्याबाहेर उभा राही. त्या नऊ जणांचे कष्ट दहाव्यामुळे कमी होत नव्हते की वाढत नव्हते. पण ‘कामगार’ म्हणवून घेण्याचा त्यांचा अधिकार त्या दहाव्यावर अवलंबून असे.

गंमत अशी की, १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने संघटनेच्या नोंदणीसाठी अवघी सात माणसे पुरेशी मानली होती. सात जणांना संघ स्थापन करता येत होता. परंतु संघ स्थापन करून ज्या कायद्याचा आधार मागावयाचा, तो कायदाच त्यांना लागू नसे. आमच्या म्हैसूरच्या बाईंच्या हातातील पावती आणि टेबलावरील अर्ज ह्यांच्यामधील विसंगतीचे मूळ येथे आहे.

मधल्या काळात एक अधिक प्रामाणिक शब्द वापरला गेला होता, ह्याचीही नोंद केली पाहिजे. १९२९ साली व्हिटले ह्यांच्या अध्यक्षतेखाली शाही मजूर आयोग नेमण्यात आला. आयटकचे एक संस्थापक नारायण मल्हार जोशी हे त्याचे सदस्य होते. १९३१ च्या आपल्या अहवालात ह्या आयोगाने बिडी, लाख, अभ्रक अशा धंद्यांतील लहान कारखान्यांची पाहणी मांडली आणि त्यांना ‘अनियंत्रित कारखाने’ म्हटले. नियंत्रण नाही म्हणजे कायदा पोहोचलेला नाही. ह्या शब्दातही ‘अ’ आहेच. पण तो कायद्याची उणीव दाखवितो, कामगाराची नव्हे. हा शब्द टिकला असता तर बरे झाले असते.

आता बिडीकडे वळू. कारण ‘कामगार’ आणि ‘असंघटित’ ह्या दोन्ही शब्दांची खरी परीक्षा ह्या धंद्यातच झाली. बिडीला यंत्र लागत नाही. मांडीवर सूप, सुपात टेंभुर्णीची भिजविलेली पाने, चिमूटभर तंबाखू, कात्री आणि दोरा एवढ्यावर काम भागते. म्हणून ती घरात वळता येते, आणि घरात वळता येते म्हणून कारखान्याची भिंत पाडून टाकणे मालकाला सोयीचे जाते. मधे ठेकेदार उभा राहतो. तो पान-तंबाखू मोजून देतो, हजार बिड्यांचा दर ठरवितो आणि परत आणलेल्या बिड्यांतील नापास बिड्या बाजूला काढतो. मालक विचारतो, ‘ह्या बायका माझ्या नोकर कशा?’ ठेकेदारही तेच विचारतो.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्याची दोन महत्त्वाची प्रकरणे आपल्या महाराष्ट्रातील आहेत. नागपूरच्या एका प्रकरणात बिडी कारखान्यात बसून बिड्या वळणारे लोक कारखाना कायद्याप्रमाणे कामगार आहेत, असे न्यायालयाने ठरविले. जवळजवळ त्याच सुमारास, १९६१ साली, सिन्नरच्या प्रकरणात मात्र निर्णय उलट गेला. तेथील मनुष्यही कारखान्यातच बिड्या वळत असे. पण तो केव्हाही येऊ शकत होता, केव्हाही जाऊ शकत होता आणि त्याला पैसे बिड्यांच्या संख्येवर मिळत होते. त्याच्या कामाच्या पद्धतीवर मालकाचे पुरेसे नियंत्रण नव्हते, सबब तो कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ नव्हे, असे बहुमताने ठरले. न्यायमूर्ती सुब्बा राव ह्यांनी ह्या निर्णयाशी असहमती नोंदविली. प्रश्न होता भरपगारी रजेचा. नागपूर आणि सिन्नर ह्या दोन्ही गावांत पान तेच, तंबाखू तीच आणि बोटेही तशीच. तरीही एका गावचा मनुष्य कामगार ठरला आणि दुसऱ्या गावचा ठरला नाही.

ही गुंतागुंत सोडविण्यासाठी संसदेने १९६६ साली बिडी आणि सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. माल घरी नेऊन बिड्या वळणाऱ्या व्यक्तीलाही त्या कायद्याने नोकरीतील माणूस मानले, आणि ठेकेदाराच्या आड उभ्या असलेल्या मूळ मालकावर जबाबदारी टाकली. ह्या कायद्याला आव्हान देणाऱ्यांत म्हैसूरचेच एक मोठे बिडी उत्पादक, मंगलोर गणेश बिडी वर्क्स, हे होते. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. म्हणजे घरात बसून काम करणाऱ्या स्त्रीला कायद्याच्या कक्षेत आणणाऱ्या ह्या निर्णयात म्हैसूरचे नाव कायमचे गोवले गेले आहे. शिबिरातील बाई त्या वेळी जन्मल्याही नसतील. पण त्यांचा प्रश्न तेव्हाच न्यायालयात उभा राहिला होता.

ह्याच काळात ‘असंघटित’ ह्या शब्दाला सरकारी प्रतिष्ठा प्राप्त झाली. भारताचे माजी सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर ह्यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९ साली आपला अहवाल सादर केला. काही अडचणींमुळे ज्यांना समान उद्दिष्टासाठी संघटित होता आले नाही, ते असंघटित श्रमिक, असे त्यात सांगितले आहे. त्या अडचणीही आयोगाने मोजून दिल्या : कामाचे तात्पुरते स्वरूप, अज्ञान आणि निरक्षरता, अल्प भांडवलाचे लहान धंदे, कामाच्या जागांचे विखुरलेपण, आणि एकेकट्या किंवा एकवटलेल्या मालकांचे वरचढ बळ. ह्या पाचांपैकी कामगाराकडे बोट दाखविणारे कारण एकच आहे. उरलेली चार त्याच्या बाहेरची आहेत. आयोगाने ‘होता आले नाही’ असे म्हटले, ‘झाले नाहीत’ असे म्हटले नाही. दुर्दैवाने पुढे शब्द तेवढा फिरत राहिला. त्याच्यासोबतची कारणे अहवालातच राहिली.

त्याच १९६९ साली महाराष्ट्र विधिमंडळाने माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. अण्णासाहेब पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या बाजारपेठांतील माथाडींनी दिलेल्या लढ्याचे ते फळ होते. ओझे वाहणाऱ्या माणसाला एक मालक नसतो. सकाळी एका दुकानात तर दुपारी दुसऱ्या. तेव्हा मालक कोण हा वाद घालीत बसण्याऐवजी ह्या कायद्याने मंडळे स्थापन केली, त्यांत मालक आणि कामगार दोघांचीही नोंदणी केली, मजुरी मंडळामार्फत देण्याची सोय केली आणि मजुरीवर आकारणी करून भविष्यनिर्वाह निधी, सानुग्रह अनुदान, रजा ह्यांची तरतूद केली. आयोगाने सांगितलेल्या पाचही अडचणी ह्या माणसांना होत्या. असे असूनही ते संघटित झाले, आणि कायद्याला त्यांच्या मापाचा अंगरखा शिवावा लागला.

येथे शब्दांकडे पुन्हा एकदा लक्ष द्यावेसे वाटते. ‘माथाडी’ हा शब्द माथ्यावरून आला आहे. मनुष्य काय करतो ते तो सांगतो. पुण्यात डॉ. बाबा आढाव ह्यांनी १९५० च्या दशकात हमालांची संघटना उभी केली, तिचे नाव ‘हमाल पंचायत’. त्याच शहरात १९९३ साली कचरा वेचणाऱ्या स्त्रियांची संघटना निघाली, तिचे नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. ज्या वस्तू त्या वेचतात, त्याच नावात आल्या. सीमाभागातील निपाणीत तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या स्त्रियांनी एकजूट करून लढा दिला. त्यावर १९८२ साली ‘तंबाखू चाकिला उब आली’ हा अनुबोधपटही निघाला. ह्या माणसांनी स्वतःला नावे दिली तेव्हा ‘अ’ने सुरू होणारा शब्द निवडला नाही. मराठी बोलीनेही त्यांना असंघटित म्हटले नव्हते. ‘हातावर पोट असलेला’ असा तिचा शब्दप्रयोग आहे. हात आज थांबला तर पोट आज रिकामे, हे सारे अर्थशास्त्र त्या तीन शब्दांत आले आहे.

एकविसाव्या शतकात ‘असंघटित’चा अर्थ आणखी एकदा पालटला. अर्जुन सेनगुप्ता ह्यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने आणि त्यानंतर २००८ च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्याने व्यक्तीची किंवा घराण्याची मालकी आणि दहापेक्षा कमी माणसे असलेल्या उद्योगांना असंघटित क्षेत्र मानले. घरी बसून काम करणारे आणि स्वयंरोजगार करणारे लोकही असंघटित कामगार ठरले. ह्या व्याख्येत संघाच्या सभासदत्वाचा प्रश्नच उरला नाही. पावती असो वा नसो, घरात बिडी वळणारी स्त्री असंघटितच. उलट मोठ्या कारखान्यात कंत्राटावर राबणारा तरुण कोणत्याही संघाचा सभासद नसला, तरी तो संघटित क्षेत्रात काम करतो असे म्हटले जाते. सेनगुप्ता आयोगाच्या हिशेबाप्रमाणे २००४-०५ साली देशातील सुमारे ४५ कोटी ७० लाख काम करणाऱ्यांपैकी सुमारे ४२ कोटी ३० लाख, म्हणजे शेकडा ९२, लोक असे अनौपचारिक किंवा असंघटित कामगार होते. शंभरांतील ब्याण्णवांना जे नाव ‘नाही’ने द्यावे लागते, त्या नावात काहीतरी चुकलेले असले पाहिजे. नियम त्यांचा आहे. अपवाद आपण आठजण आहोत.

हिशेब येथेच थांबलेला नाही. २०२१ साली सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीत तीस कोटींहून अधिक लोकांची नावे आली. लोखंडे ह्यांच्याजवळ नसलेली नोंदवही आता सरकारनेच उघडली आहे, असे म्हणता येईल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्या. १९६६ चा बिडी कायदा आणि २००८ चा कायदा हे दोन्ही त्यांत सामावले गेले. आणि कारखान्याची मर्यादा दहा-वीसवरून वीस-चाळीसवर गेली. १८८१ पासून हळूहळू खाली येत गेलेला आकडा आता वर चढला आहे. ह्याचे परिणाम कोणते होतील ते काळ सांगेल. पण उंबरा सरकला की काही माणसे आत येतात किंवा बाहेर जातात, आणि बाहेर गेलेल्यांना आपण पुन्हा तोच शब्द लावतो, एवढे ह्या इतिहासावरून ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्या दिवशी शिबिरात शेवटी काय झाले, असे आपण विचाराल. बाईंच्या अर्जावर ‘असंघटित’ हाच शब्द गेला. तो गेल्याशिवाय नोंद पुरी होत नव्हती, आणि नोंद पुरी झाल्याशिवाय त्यांच्या हाती काही पडणार नव्हते. त्यांनी अंगठा उठवला. तोच तो झुकलेला अंगठा. मग टेबलावरची वर्गणीची पावती उचलून त्यांनी ती पुन्हा पदराच्या गाठीत नीट बांधली. शब्द बदलण्याचा अधिकार मला नाही, आणि केवळ शब्द बदलल्याने बिडीचा दर वाढत नाही, हेही मी जाणतो. पण त्यानंतर हा शब्द लिहिताना माझी लेखणी क्षणभर थांबते. हा मनुष्य संघाच्या बाहेर आहे की कायद्याच्या, आणि तो बाहेर राहिला की ठेवला गेला, एवढे मी स्वतःला विचारतो. श्रोतेहो, वर्तमानपत्रात किंवा ह्याच आकाशवाणीवर हा शब्द आपल्या कानी पडेल, तेव्हा आपणही हाच प्रश्न विचारून पाहावा.